काप्पू उतरेपर्यंत

पुलियंकण्माय,
पंगुनी ११, बुधवार

तैयलनायकी,

पत्राच्या आरंभी वडीलधाऱ्याने आशीर्वाद लिहावा अशी रीत आहे. ज्याने चौदा वर्षांत बहिणीला एक ओळ लिहिली नाही त्याच्याकडे तो अधिकार उरतो काय, या प्रश्नाचा निर्णय मी अद्याप केलेला नाही. तोवर ती जागा कोरी ठेवतो.

कोदैच्या लग्नाची पत्रिका पोचली. तिच्यात ‘वधूचे मामा’ या शब्दांखाली माझे नाव छापलेले आहे. मला विचारलेले नव्हते. जे सिद्ध व्हायचे आहे ते सिद्धच आहे असे धरून चालणे हा दोष मी पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत लाल शाईने दाखवत आलो. तरीही काल सकाळी तिरुच्चीहून निघालो. मुहूर्त सोळाव्याचा, सोमवारचा. मामाने काही दिवस आधी पोचावे हे मला ठाऊक आहे.

मी वेळेवर पोचेन असे आता सांगता येत नाही. कारण पुढीलप्रमाणे.

शिवगंगैला गाडी बदलली. सरळ मानामदुरैची गाडी भरलेली होती, म्हणून तळ्याकाठच्या रस्त्याने फिरून जाणारी घेतली. वाटेत या गावाच्या तळ्याची मोरी दिसली. तिच्या दगडावर जुनी अक्षरे आहेत असे कोणी तरी पूर्वी सांगितले होते. ती वाचून पुढच्या गाडीने जावे, या हिशेबाने उतरलो. अक्षरे बरीच झिजली आहेत. ऊन फार होते. मिरच्या वाळत घालणाऱ्या एका वृद्ध बाईने ताक दिले व आपल्या ओट्यावर बसवले. दरम्यान गाडी गेली. तिन्हीसांजेला ढोल वाजला आणि मारियम्मन देवीच्या जत्रेचा काप्पू, व्रताचा हळदीचा दोरा, बांधला गेला.

पुढचे तुला सांगायला नको. काप्पू बांधला गेला त्या रात्री जो वेशीच्या आत होता, त्याने जत्रा उतरेपर्यंत बाहेर रात्र काढायची नाही. मग तो गावकरी असो की वाटसरू. इथला काप्पू अठराव्याला, बुधवारी उतरतो. लग्न सोळाव्याचे. गणित साधे आहे.

तार करता आली असती. परंतु तारेत निर्णय मावतो, कारण मावत नाही. आणि कारणावाचून निर्णय कळवणे मला कधी जमलेले नाही.

घरोघरी दाराला कडुनिंब बांधला आहे. कालपासून गावात फोडणी बंद, कांडण बंद. आवाज नसल्याने की काय, बसवत नाही. बांधावरून तीन वेळा जाऊन आलो.

तुझा भाऊ
वैत्तिलिंगम

&nbsp;

पुलियंकण्माय,
पंगुनी १३, शुक्रवार

तैयल,

माझ्या यजमानीणबाईंचे नाव मुत्तिरुळायी. वय सत्तरीच्या आसपास. स्वतःला ते नक्की ठाऊक नाही आणि त्याची खंतही नाही. तीन पट्टे मिरचीचे, एक भाताचा, दोन शेळ्या. नवरा वारलेला, मुलगे तिरुप्पूरच्या गिरणीत. त्यांनी मला कामाला लावले आहे. रस्त्याच्या कडेला लालभडक मिरच्या पसरलेल्या असतात. त्या पायाने उलटायच्या आणि शेळ्या हाकलायच्या. मी पहिल्या दिवशी नम्रपणे नकार दिला होता.

“का हो अय्या, पायाला मेंदी लावलीय?” त्या म्हणाल्या.

“मला या कामाची सवय नाही.”

“शेळीला पण मिरची खायची सवय नाही. पण खाते मेली. उठा.”

मी उठलो. खरे सांगायचे तर बरेच वाटले. बसून राहिलो की हातांना काही तरी हवे असते. सुपारीचा डबा उघडतो, मिटतो. सकाळी सहाला आणि नवाला मानामदुरैकडे जाणारी गाडी तळ्याच्या वळणावर हॉर्न वाजवते. त्या वेळी मी पाठ फिरवून मिरच्या उलटत असतो. शेळ्या मात्र तेवढ्यात डाव साधतात.

कोदैने मामाच्या मांडीवर बसून अक्षरे गिरवली होती, तांदळाच्या ताटात. ‘अ’ काढताना ती पोट फार मोठे काढत असे आणि म्हणे, “याने जास्त जेवलंय.” हे तिला आठवण्याचे कारण नाही. ती पाच वर्षांची होती, तेव्हा तुम्ही दोघी गेलात.

काल मुत्तिरुळायींनी विचारले, “तुम्ही आयुष्यभर शिकवलंत म्हणे. काय शिकवलंत?”

“तर्कशास्त्र.”

“ते काय असतं?”

“एका गोष्टीवरून दुसरी गोष्ट ठरते की नाही, ते तपासायचे शास्त्र.”

“हात्तिच्या! ते तर मी रोज करते. तुम्ही दिवसातून दहादा रस्त्याकडे बघता, गाडी आली की मान वळवता. यावरून काय ठरतं?”

मी म्हणालो, एवढ्या आधारावर काहीही ठरत नाही.

“बरं,” त्या म्हणाल्या, “मग शेळी हाकला. ती ठरवूनच आलीय.”

आणखी एक. पहिल्या पत्रात ‘दरम्यान गाडी गेली’ असे मी लिहिले. ते वाक्य खोटे नाही. तथापि ते अपुरे आहे. गाडी वळणावर थांबली होती. कंडक्टर उतरून ओट्यापर्यंत आला, वडीलधाऱ्याला हाक मारावी तसे “पेरियवर, मानामदुरै ना? चला, जागा आहे,” असे म्हणाला. ढोल तोवर वाजू लागला होता. मी त्याला सांगितले की माझे वाचन पूर्ण व्हायचे आहे. त्या वेळी माझ्या हातात ताकाचा रिकामा पेला होता. वाचण्यासारखे काहीही नव्हते.

वै.

&nbsp;

पुलियंकण्माय,
पंगुनी १४, शनिवार

तैयल,

आज माझा पराभव झाला. तपशील देतो.

गावाचा कारभार पाहणारे सेवुगन अंबलम सकाळी मिरच्या पाहायला आले. उंच, अबोल गृहस्थ. जत्रेचे सगळे निर्णय त्यांच्याकडे. मुत्तिरुळायींनी माझ्यासमोर त्यांना हाक मारली.

“अंबलम, या अय्यांच्या भाचीचं लग्न आहे सोमवारी, मानामदुरैला. मामा आहेत हे. मामा! आणि बसलेत माझ्या शेळ्या राखत.”

हे त्यांना कसे कळले ते विचारले. पत्रिका माझ्या पिशवीतून डोकावत होती. ती त्यांनी शाळामास्तरांकडून वाचून घेतली होती. मी त्यांना सांगितले की दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घेणे योग्य नाही.

“आणि भाचीला मांडवात ताटकळत ठेवणं योग्य आहे, होय ना?”

अंबलम माझ्याकडे वळले. “मग का नाही गेलात?”

मी नियम सांगितला. वेशीच्या आत रात्र, अठराव्यापर्यंत बंधन, लग्न सोळाव्याचे, म्हणून अशक्य. युक्तिवाद निर्दोष होता.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “रात्रीचं बंधन आहे अय्या. दिवसाचं कुठंय? आमची अर्धी पोरं रोज शिवगंगैला कामाला जातात, संध्याकाळी येतात. मुहूर्त किती वाजता?”

“नऊ ते साडेदहा.”

“सहाची गाडी आठला पोचवते. साडेतीनची परत आणते. सूर्य मावळायच्या आत तुम्ही आत.”

“गाडी बिघडू शकते.”

“मी ट्रॅक्टर पाठवीन.”

“ट्रॅक्टरही—”

“बैलगाडी पाठवीन. बैल बिघडला तर मी स्वतः उचलून आणीन. बोला.”

मुत्तिरुळायी हसता हसता मिरच्यांवर बसायच्या राहिल्या. “अंबलम, यांना उचलू नका, नुसतं ढकला. बूड जड आहे, पाय बरे आहेत.”

इथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. बंधन रात्रीचे आहे हे मला पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक होते. आपल्याच जिल्ह्यातली रीत. लहानपणी आपल्या गावचा काप्पू बांधलेला असताना अप्पा रोज कचेरीत जात आणि दिवेलागणीपूर्वी परत येत. पहिले पत्र लिहिताना मी ‘रात्र’ हा शब्द वापरला आणि निष्कर्ष दिवसालाही लावला. विद्यार्थ्याने असे केले असते तर मी गुण कापले असते.

निघताना अंबलम ओट्याच्या पायरीशी थांबले. “दोन पत्रं लिहिलीत म्हणे. टपाल कुठे टाकलं? पेटी पाच मैलांवर, आणि आमच्या पोरांपैकी कोणाच्या हाती दिल्याचं मला माहीत नाही.”

दोन्ही पत्रे पिशवीत आहेत, पत्रिकेच्या शेजारी. हे तिसरेही तिथेच जाईल.

वै.

&nbsp;

पुलियंकण्माय,
पंगुनी १५, रविवार

तैयल,

उद्या सहाची गाडी आहे. आता मला कोणी अडवत नाही, आणि म्हणूनच अडचण आहे.

आज चार वेळा पिशवी भरली आणि सोडली. दुपारी तळ्यात उतरलो. पाणी मोरीजवळ गुडघाभर उरले आहे, बाकी भेगाळलेला चिखल. त्यावर बगळे माझ्यासारखेच चार पावले इकडे, चार पावले तिकडे करत होते. अंगणापलीकडच्या बंद खोलीत बायकांनी जत्रेसाठी धान्य पेरलेल्या परड्या ठेवल्या आहेत, अंधारात उगवणाऱ्या. मुत्तिरुळायी दर प्रहराला पाणी शिंपडायला आत जातात. आत काय वाढते आहे ते मला विचारू देत नाहीत. मीही माझ्याबद्दल त्यांना विचारू देत नाही. अशी आमची बरोबरी आहे.

चौदा वर्षांपूर्वी मी जे केले ते मी कधी शब्दांत मांडलेले नाही. आता मांडतो. वैधव्याच्या तिसऱ्या वर्षी तू सांगितलेस की दवाखान्यातल्या ख्रिस्ती कंपाउंडरशी, सवरिमुत्तूशी, लग्न करणार. मी तुझ्याशी बोललो नाही. मी सात पानांचे पत्र लिहिले, पाच कारणे क्रमाने दिली, प्रत्येकाखाली उपपत्ती. आणि त्याच्या प्रती सगळ्या नातलगांना पाठवल्या. चौथे कारण मला तोंडपाठ आहे: ‘जो आपल्या रीतीत वाढला नाही, तो आपल्या रीतीचा मान राखू शकत नाही.’ ते वाचून कोणीही तुझ्या लग्नाला आले नाही. ज्या एका सभेत मी जिंकावे असे वाटत नव्हते, त्या सभेतही मी जिंकलो.

वाटत नव्हते, हे आत्ता लिहिले. तेव्हा वाटत होते. सहावे कारण होते, ते पत्रात नव्हते. पत्नी गेल्यावर तू आणि कोदै घरात आलात. संध्याकाळी दिवा लागत असे. तुम्ही गेलात की तो लावणारे कोणी नव्हते. हे कारण लिहिले असते तर ते पाचांहून खरे ठरले असते, आणि तू कदाचित हसून म्हणाली असतीस, “अण्णा, दिवा तुम्हालाही लावता येतो.” म्हणून लिहिले नाही.

आणखी एक, शेवटचे. माझ्या मनगटालाही काप्पूचा दोरा आहे. तो आपोआप ‘बांधला गेला’ असे तू समजशील. गावाचा काप्पू देवळाच्या खांबाला बांधतात. मनगटाला हळदीचा दोरा फक्त नवस बोलणाऱ्यांच्या. मंगळवारी पुजारी तबक घेऊन ओळीने येत होता. माझ्याजवळ तो थांबलाही नव्हता. मी उजवा हात पुढे केला.

“काय नवस?” त्याने विचारले.

“मनात आहे,” मी म्हणालो. बायकांनी कुळवै दिला, जिभेने काढायचा लांब मंगल नाद. मला वाटले होते, नुसत्या पाहुण्यापेक्षा दोरेवाल्याचे थांबणे अधिक पक्के दिसेल. आता या दोऱ्यामुळे जमिनीवर झोपतो, दोनदा स्नान करतो, एक वेळ जेवतो, तेही याच गावात शिजलेले. नवस काय होता ते अजून मलाही माहीत नाही. कारण सापडावे म्हणून मी देवीलाही कामाला लावले.

जर उद्या मी मानामदुरैला उतरलो नाही, तर ही चार पत्रे तुला कोण देणार? म्हणून उतरावे लागेल.

वै.

&nbsp;

पुलियंकण्माय,
पंगुनी १७, मंगळवार

प्रिय सवरिमुत्तु,

हे पत्र तुम्हाला आहे. तैयलच्या हाती काल चार पत्रे दिली. ती तिने वाचली असतील किंवा चुलीत घातली असतील, दोन्ही तिचे अधिकार.

काल जे झाले ते तुम्ही पाहिले. तरीही मी क्रम लावतो, कारण माझ्या बाजूने ते कसे दिसले हे तुम्हाला माहीत असणे न्याय्य आहे.

मांडवात शिरलो तेव्हा सनई चालू होती. तैयलने मला पाहिले, पदर सारखा केला आणि पुरोहिताला म्हणाली, “मामा आलेत. पट्टी यांच्या हातून.” एवढेच. कोदै खाली मान घालून बसली होती. तिच्या कपाळावर लग्नाची पट्टी मामानेच बांधायची असते; मी बांधली. गाठ दोनदा सुटली. ती हळूच म्हणाली, “मामा, घट्ट बांधा, मला दुखत नाही.” तो आवाज मी ओळखला नाही. पाच वर्षांची होती तेव्हाचा आवाज माझ्याकडे आहे. हा नवा आहे.

मग पंगत. तैयलने माझ्यासाठी स्वतः पान मांडले, पाण्याने पुसले, मीठ वाढले. “बसा अण्णा.”

दोरा मी शर्टाच्या लांब बाहीखाली झाकून आणला होता. का झाकला, हे आता विचारतो तेव्हा उत्तर एकच येते: मला नुसता मामा म्हणून तिथे उभे राहायचे होते, व्रतस्थ म्हणून नव्हे. मी तिला म्हणालो, “मला इथे जेवता येणार नाही.”

तिने माझ्याकडे पाहिले आणि एकच शब्द उच्चारला.

“अजून?”

तुम्ही शेजारीच होतात. चौदा वर्षांपूर्वी तुमच्या घरचे पाणी निषिद्ध ठरवणारा माणूस पुन्हा पानावरून उठत होता. तिने तेच समजावे यासाठी सगळा आधार मीच पुरवलेला होता. खुलासा एका वाक्याचा होता. पस्तीस वर्षे वर्गात ज्याचा शब्द कधी अडला नाही, त्याला ते वाक्य सापडेना. मी परत जायला वळलो देखील.

तेव्हा तुम्ही माझे मनगट धरले. परवानगी न विचारता बाही वर सारली.

“अगं, काप्पू आहे यांच्या हाताला,” तुम्ही म्हणालात. “दवाखान्यात पंगुनी महिन्यात असले वीस हात येतात. दोरा सुटेपर्यंत गोळी घेत नाहीत, औषध घेत नाहीत, मी भांडत नाही.” मग मला, मेहुण्याला हाक मारतात तशी, “मच्चान, बाहेरचं शिजलेलं चालत नाही ना? शहाळं चालेल. केळी चालतील. थांबा.”

आणि तुम्ही स्वतः बाहेर जाऊन शहाळे फोडून आणलेत. मांडवातली सुरी न घेता नारळवाल्याच्या कोयत्याने, कारण त्या सुरीने भाजी चिरली होती. हा भेद माझ्याही लक्षात आला नसता.

तैयल तोवर रडत होती आणि चिडलेलीही होती. “चौदा वर्षं वाट बघितली, आणि आले तेही उपाशी राहायला! तिथल्या म्हातारीनं खाऊ घातलेलं चालतं, बहिणीचं चालत नाही. नवस तरी कसला बोललात?”

मी म्हणालो, “इथे येण्याचा.” ते वाक्य तोंडातून निघाल्यावर ते खरे झाले, असे मला वाटते. आधी होते की नाही, सांगता येत नाही.

सवरिमुत्तु, माझ्या चौथ्या कारणाला प्रत्यक्ष उदाहरणाने छेद गेला आहे. सामान्य विधान मोडायला एक उलट उदाहरण पुरेसे असते. तुम्ही ते शहाळ्यासकट हातात दिलेत. ते विधान मी मागे घेतो. उरलेल्या चारांची स्थिती याहून बरी नाही. त्यांची चिकित्सा करण्यात तुमचा वेळ घालवत नाही. तुमच्याबद्दल जे लिहिले ते चुकीचे होते, आणि ते चूक आहे हे न कळण्याइतका मी अज्ञानी नव्हतो. क्षमा मागण्याचा शिष्टाचार मला येत नाही. तो शिकण्याचे वय झाले आहे का, हेही ठाऊक नाही. मागतो.

सूर्य मावळण्यापूर्वी वेशीत आलो. मुत्तिरुळायी रस्त्यावरच उभ्या होत्या. “जेवलात?” त्यांनी विचारले. शहाळे, दोन केळी, असे सांगितले. “मग लग्न अर्धंच झालं,” त्या म्हणाल्या. “दोरा उतरला की उरलेलं जेवून या.” रात्री जमिनीवर पडलो तेव्हा प्रथमच लवकर झोप लागली, पहाटे मात्र पुन्हा जाग आली, आणि बांधावर जाऊन आलो. ही सवय इतक्यात सुटेल असे दिसत नाही.

उद्या दुपारी काप्पू उतरतो. गुरुवारी सहाच्या गाडीने निघतो, तैयलच्या हातचे जेवायला. तिला आधी सांगू नका, किंवा सांगा. ती काय म्हणेल याचा अंदाज मी करत नाही. एक अडचण आहे. तुमचे घर मानामदुरैत नक्की कुठे आहे, हे मला ठाऊक नाही. चौदा वर्षांत ते विचारण्याची वेळ मी येऊ दिली नाही. आठच्या सुमारास स्टँडवर कोणी उभे राहिले तर बरे होईल. तुम्हीच राहिलात, तर मी ओळखेन.

वैत्तिलिंगम